घंटेचा कौल

शाळेच्या घंटेशीं आमच्या विद्यार्थ्यांचा परिचय जुना आहे. ती कोणास हर्ष देते, कोणास धडकी भरविते. परंतु पाणउतारा ती कोणाचाच करीत नाहीं. ज्या घंटेविषयीं आज आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों, ती मात्र शाळेंतली नव्हे. ती जपान देशांतली आहे, आणि सुमारें ऐंशी वर्षांपासून तेथील साध्यासुध्या माणसांच्या गाण्याचा न्याय ती करीत आली आहे. इतक्या दूरच्या घंटेची आठवण होण्यास निमित्त मात्र अगदीं जवळचें घडलें.

गेल्या वर्षीं आमचा एक विद्यार्थी दूरचित्रवाणीवरील एका गायनस्पर्धेच्या निवडीसाठीं वडिलांबरोबर मोठ्या शहरांत गेला. पहाटेपासून रांगेंत उभें राहिल्यावर दुपारीं त्याची पाळी आली. ध्रुवपद पुरें होण्याच्या आंतच 'पुढचा' असा पुकारा झाला, आणि दुसरा मुलगा आंत आला. काय चुकलें, हें कोणीं सांगितलें नाहीं. परतीच्या प्रवासांत बापलेक एकमेकांशीं बोलले नाहींत. पूर्वीं हा मुलगा प्रार्थनेच्या वेळीं पुढें उभा राहून गात असे. आतां तो मागल्या रांगेंत उभा राहून नुसते ओठ हलवितो. आम्हीं त्याच्या वडिलांस गांठून चौकशी केली, तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, आमचें गाणेंच चुकीचें निवडलें गेलें. पुढच्या खेपेस कोणतें घ्यावें, तेवढें सांगा." त्या प्रश्नास त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढील मजकूर हें त्याचें उशिरां सुचलेलें उत्तर समजावें.

जपानी भाषेंत 'नोदो' म्हणजे गळा व 'जिमान' म्हणजे अभिमान. 'नोदो जिमान' म्हणजे आपल्या गळ्याची प्रौढी मिरविणें. 'स्वारी स्वतःच्याच गळ्यावर खूष आहे' असें आपल्याकडे थट्टेनें म्हणतात, त्याच जातीचा हा शब्द. एन्. एच्. के. ह्या जपानच्या सार्वजनिक नभोवाणीसंस्थेनें १९ जानेवारी १९४६ रोजीं ह्या नांवाचा हौशी गायकांचा कार्यक्रम प्रथम ऐकविला. त्या तारखेकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. १५ ऑगस्ट १९४५ रोजीं त्याच नभोवाणीवरून सम्राटांचा आवाज प्रजेनें प्रथम ऐकला होता, आणि आपला देश युद्ध हरला हें तिला त्या आवाजांतून कळलें होतें. त्यानंतर पुरते सहा महिनेही झाले नव्हते. टोकियोचा मोठा भाग जळून गेलेला, अन्नाची टंचाई, देशावर परकीय सैन्याचा अंमल, अशी स्थिति होती. युद्धकाळांत ज्या मायक्रोफोनसमोर मुख्यतः सरकारचा हुकूम व विजयाच्या वार्ता घेऊन माणसें येत, त्याच्यासमोर आतां कोणीही यावें व आपल्याला आवडेल तें गावें, असें सांगण्यांत आलें. भुकेल्या माणसांस गाणें सुचेल कसें, असें कोणास वाटेल. परंतु लोकांनीं गर्दी केली. नुकत्याच आलेल्या एका चित्रपटांतील सफरचंदाचें गाणें त्या दिवसांत घरोघर झालें होतें. पुष्कळांनीं तेंच गाइलें.

आरंभीं तेथें घंटा नव्हती. गाणें पसंत पडलें तर 'उत्तीर्ण' असें सांगत, आणि न पडलें तर एक विनयशील जपानी शब्द उच्चारून गायकास थांबवीत. परंतु त्या शब्दाचे अर्थ दोन: 'आतां पुरे' हाही, आणि 'उत्तम' हाही. बिचारा गाणारा आपली स्तुति झाली असें समजून दुप्पट उत्साहानें गातच राही. हा घोटाळा मिटविण्यासाठीं घंटा आणली गेली, अशी हकीकत सांगतात. ही घंटा म्हणजे चौकटींत उभ्या टांगलेल्या धातूच्या नळ्या असून त्यांवर लहान हातोडीनें ठोके देतात. एक ठोका पडला तर गाणें नापास. दोन पडले तर थोडक्यांत राहिलें. ठोक्यांची सबंध मालिका घुमली तर गायक उत्तीर्ण, आणि मग म्हाताऱ्या आजीबाईदेखील व्यासपीठावर उड्या मारूं लागतात. आम्हांस ह्या योजनेचें मर्म असें वाटतें कीं, घंटा निकाल सांगते आणि गप्प बसते. गाणाऱ्याच्या रूपावर, कपड्यांवर, बोलीवर किंवा घरच्या स्थितीवर ती भाष्य करीत नाहीं. गाणें वाईट झालें एवढेंच ती म्हणते. तूं वाईट आहेस असें म्हणण्यासाठीं तिच्यापाशीं स्वरच नाहीं.

ह्या कार्यक्रमाच्या इतिहासांतील एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. युद्ध संपल्यावर पांच लाखांहून अधिक जपानी सैनिक रशियाच्या ताब्यांत सांपडले व सैबेरियांतील छावण्यांत त्यांस सक्तीचें काम करावें लागलें. शेंकडों मैल बर्फ, अपुरें अन्न, आणि घरची वार्ता नाहीं. पुष्कळजण तेथेंच मेले. १९४८ सालच्या उन्हाळ्यांत अशाच छावणींतून सुटून आलेला एक सैनिक 'नोदो जिमान'च्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला, व त्यानें बंदिवान लोक आपसांत गात असत तें एक गाणें गाइलें. त्याचें नांव 'इकोकु नो ओका', म्हणजे परदेशांतील टेकडी. घंटा भरभरून वाजली. परंतु खरा निकाल बाहेर लागला. ज्यांचे मुलगे व पति अजून परतले नव्हते अशा असंख्य घरांत तें गाणें पोंचलें. हें कोणीं रचिलें म्हणून शोध सुरू झाला. चाल बांधणारा योशिदा तादाशि हा तरुण त्या वेळीं स्वतःच सैबेरियांत कैदी होता! सैन्यांत असतांना त्यानें ती चाल रचिली होती. छावणींत दुसऱ्याच कोणीं तीवर नवे शब्द बसविले, आणि ती एका तोंडांतून दुसऱ्या तोंडांत जात राहिली. त्याच वर्षीं तो मायदेशीं परतला, तों आपलें गाणें सारा देश गात आहे असें त्यास आढळलें. पुढें तो जपानच्या अग्रगण्य संगीतरचनाकारांत गणला गेला, व १९९८ सालीं मरणोत्तर राष्ट्रीय सन्मानास पात्र झाला.

आतां विचार करावा. तो सैनिक मायक्रोफोनसमोर आला तो प्रसिद्ध गायक होण्यासाठीं आला नव्हता. मागें राहिलेल्या सोबत्यांचें गाणें त्याच्यापाशीं होतें, तें त्यास लोकांच्या कानावर घालावयाचें होतें. हौशी ह्या शब्दास आपल्याकडे अलीकडे थोडा उणेपणा आला आहे. 'हौशी' म्हणजे कच्चा, असें आपण समजतों. वास्तविक हौस हेंच ज्याचें वेतन तो हौशी. ह्या सैनिकाहून अधिक शुद्ध हौशी गायक आम्हांस ठाऊक नाहीं.

१९५३ सालीं जपानांत दूरचित्रवाणी सुरू झाली व त्याच वर्षीं 'नोदो जिमान' पडद्यावरही दिसूं लागला. पुढें रविवारची दुपार, सव्वाबाराची वेळ, हें त्याचें ठरलेलें स्थान झालें. दर आठवड्यास मंडळी नव्या गांवीं जातात. शनिवारीं त्या गांवच्या सभागृहांत सुमारें दोनशें गायकांची चांचणी होते. त्यांतून वीसएक निवडले जातात. आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं तेच साऱ्या देशासमोर जसेच्या तसे, मागाहून कांटछाट न होतां, गातात. मासे पकडणारे येतात, परिचारिका येतात, कारखान्यांतील कामकरी कामाच्या पोशाखांतच येतात. एक ठोका पडला तर गाणारा हंसून डोकें खाजवितो, सूत्रसंचालक त्याच्याशीं दोन शब्द बोलतो, आणि पुढचा गायक येतो. पाऊण तासांत सर्व आटोपतें. सोमवारीं नापास झालेला आपल्या दुकानांत असतो व उत्तीर्ण झालेला आपल्या कचेरींत. १९४९ पासून १९६६ पर्यंत मियाता तेरु ह्या गृहस्थांनीं हें सूत्रसंचालन इतक्या मायेनें केलें कीं, पुढें १९७४ सालीं ते निवडणुकीस उभे राहिले तेव्हां मतदारांनीं त्यांच्यासाठींही सगळी घंटा वाजविली.

शनिवारची निवड केवळ गळा पाहून होत नाहीं. वय, व्यवसाय व गाण्यामागची हकीकत हींही पाहिलीं जातात, म्हणून शुद्ध गायनाचे कैवारी नाक मुरडतात. आमचें मत त्यांच्याविरुद्ध आहे. गांवच्या भजनांत पाटील बेसूर गातो म्हणून त्यास कोणी बाहेर घालवीत नाहीं.

हौशी गायकांची परीक्षा लोकांसमोर घेण्याची कल्पना मात्र जपानची नव्हे. अमेरिकेंत १९३४ सालीं न्यूयॉर्क येथें मेजर बोव्स ह्या गृहस्थांनीं असाच कार्यक्रम नभोवाणीवर चालू केला होता. तेथें घंटेऐवजीं मोठी थाळी वाजवीत, आणि ती वाजली कीं गाणाऱ्यानें निमूटपणें बाजूस व्हावें. श्रोते टेलिफोन करून व पत्रें पाठवून मतें देत. काळ मोठ्या आर्थिक मंदीचा होता. हातचें काम गेलेलीं माणसें आपल्या गळ्यावर किंवा बाजाच्या पेटीवर शेवटची आशा ठेवून न्यूयॉर्कची वाट धरीत. फ्रँक सिनात्रा हा पुढें जगप्रसिद्ध झालेला गायक १९३५ सालीं तीन सोबत्यांसह त्याच मायक्रोफोनसमोर आला होता, आणि अशा एकाच्या नांवावर हजारोंनीं स्वप्नें पाहिलीं. हाच कार्यक्रम पुढें टेड मॅक ह्यांच्या हातीं १९४८ ते १९७० पर्यंत दूरचित्रवाणीवरही चालला. जपानी घंटा व अमेरिकन थाळी ह्यांच्या नादांत फारसा भेद नसेल. परंतु एकीच्या मागें रविवारची दुपार होती, आणि दुसरीच्या मागें पोटाचा प्रश्न होता. तोच ठोका पोटावर पडला म्हणजे निराळा लागतो.

आमच्याकडील स्पर्धा ह्या दोहोंपैकीं कोणत्या वळणाच्या? मर्फी रेडिओच्या स्पर्धेंत १९५७ सालीं महेंद्र कपूर पहिले आले व चित्रपटसंगीतास एक खणखणीत आवाज मिळाला. १९९५ सालीं झी वाहिनीवर 'सारेगम' सुरू झालें, आणि संगीतांतील मोठमोठी माणसें तेथें परीक्षक म्हणून बसूं लागलीं. लहान वयांत त्या व्यासपीठावर गाइलेल्या श्रेया घोषाल आज कोणास ठाऊक नाहींत? २००८-०९ मध्यें मराठींत 'लिटल चॅम्प्स' चाललें, तेव्हां आमच्या घरोघरचीं माणसें जेवणें लवकर आटोपून पडद्यासमोर बसत. कार्तिकी गायकवाड विजयी ठरली; परंतु पांचही मुलांचीं नांवें आजही लोक एका दमांत सांगतात. नाट्यपदें व अभंग मुलांच्या तोंडून ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले, हें आम्हीं पाहिलें आहे, व आमचेही भरून आले होते. हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं.

आमचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीस आहे. २००४ सालीं 'इंडियन आयडल' आलें, व भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवून मत देण्याची रीति घरोघर पोंचली. गाणें कसें झालें ह्यापेक्षां गाणाऱ्याच्या गांवानें व नातेवाइकांनीं किती संदेश पाठविले, ह्यावर पारडें झुकूं लागलें. चौकाचौकांत 'आपल्या मुलास मत द्या' असे फलक लागले. जपानी घंटा एका दुपारींत जें काम उरकते, तेंच येथें कित्येक महिने चालतें. दर आठवड्यास एक मूल बाहेर पडतें, आणि तें बाहेर पडतांना त्याचे अश्रु, त्याच्या आईचे अश्रु, मंद संगीतासह पुनः पुनः दाखवितात. वाचकांपैकीं ज्या मातांनीं हें पाहून डोळ्यांस पदर लावला असेल, त्यांस आम्ही विचारतों: तेंच मूल आपलें असतें, तर त्या क्षणीं आपण कॅमेऱ्यावर पदर टाकला नसता काय?

आतां त्या जपानी घंटेचें आम्हीं इतकें गुणगान केलें, तर तिची चूकही सांगितली पाहिजे. पहिल्याच वर्षीं, म्हणजे १९४६ सालीं, योकोहामा येथील एका मासळीवाल्याची नऊ वर्षांची मुलगी तेथें गाइली. तिनेंही सफरचंदाचेंच गाणें गाइलें. घंटा वाजलीच नाहीं, एकदांही नाहीं. आईनें विचारलें, तेव्हां परीक्षकांचें उत्तर असें आलें म्हणतात कीं, गाणें चांगलें आहे, परंतु तें मुलासारखें नाहीं; मुलानें मोठ्या माणसासारखें गावें हें बरें नव्हे. ती मुलगी म्हणजे मिसोरा हिबारि. पुढें चाळीस वर्षें जपानी गायनावर तिनें राज्य केलें, आणि १९८९ सालीं ती वारली तेव्हां सरकारनें तिला जो राष्ट्रीय सन्मान दिला तो त्या देशांत स्त्रीस मिळालेला पहिलाच होता. ज्यांनीं घंटा वाजविली नाहीं त्यांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत.

परीक्षक चुकले हें उघड आहे. तथापि त्यांची शंका सर्वस्वीं पोकळ होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. तिच्या जोडीस आपल्या मुलखांतील एक उदाहरण ठेवूं. बेळगांवजवळच्या सुळेभावी गांवीं १९२४ सालीं जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यास बालपणींच मिळाली, व गांवोगांव त्याचे जलसे होऊं लागले. तो मुंबईस गाइला, तेव्हां सभा थक्क झाली. परंतु पुढें काय झालें? तो प्रोफेसर बी. आर. देवधर ह्यांच्या गायनशाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाला, आणि दुसऱ्यांच्या गायकीची नक्कल ज्यास साधली होती तो स्वतःचा स्वर शोधण्यासाठीं वर्षानुवर्षें शिकत बसला. टाळ्या मिळत असतांना मुलास शिकावयास बसविणें ही सोपी गोष्ट नव्हे. आज एखाद्या दहा वर्षांच्या मुलीनें प्रौढ स्त्रीच्या विरहाचें गाणें हावभावांसह म्हटलें कीं आपण उठून टाळ्या वाजवितों, आणि तिला पुढचेंही तसेंच गाणें देतों.

जपानी कार्यक्रमांतही सारें पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. एप्रिल २०२३ पासून तेथें प्रत्यक्ष वादकांचा ताफा जाऊन त्याजागीं यंत्रांतील तयार संगीत आलें. पुष्कळ प्रेक्षकांस ही गोष्ट खटकली, आणि आमच्या मतें ती खटकण्यासारखीच आहे. गाणाऱ्या आजोबांचा ताल सुटला, कडवें विसरलें, तर जिवंत वादक क्षणभर थांबतो, सांवरून घेतो. आपला पेटीवाला व तबलजी हेंच करतात, आणि त्यासच आपण 'साथ' म्हणतों. यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं. घंटा तीच आहे, परंतु परीक्षेस बसणाऱ्याच्या पाठीशीं जे उभे असत ते गेले.

कायद्यानें मुलांचें थोडें रक्षण आमच्याकडे केलें आहे. २०१७ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें बालकलाकारास दिवसांतून पांच तासांहून अधिक, व विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक, काम करावयास लावतां येत नाहीं. त्याच्या मिळकतीचा निदान पांचवा हिस्सा त्याच्याच नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतीनें ठेवावा लागतो. आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्यास कार्यक्रमांत उभें करतां येत नाहीं. हा शेवटचा नियम आम्हीं दोनदां वाचला. मुलाची इच्छा कोणती आणि बापाची कोणती, हें अधिकाऱ्यास कसें ओळखतां येणार? तें घरींच ओळखावें लागतें, आणि स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वीं ओळखावें लागतें.

त्या गृहस्थांनीं आम्हांस गाणें कोणतें घ्यावें असें विचारलें होतें. आमचें उत्तर असें: पुढची खेप कधीं करावयाची, किंवा करावयाचीच कीं नाहीं, हें मुलासच ठरवूं द्यावें, आणि तोंपर्यंत संध्याकाळीं आपण त्याच्याजवळ बसून, त्यास जें आवडतें तें गाणें, शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावें. त्याच्या गाण्याचा शेवट ऐकलेला माणूस त्याला बरेच दिवसांत भेटलेला नाहीं.

शाळेपुरतें आम्हीं एवढें योजिलें आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनांत गायनाच्या प्राथमिक फेरीस प्रत्येकाचें गाणें पुरें होऊं द्यावयाचें. भ्रमणध्वनीवरील तयार संगीत न घेतां साथीस पेटी व तबला ठेवावयाचा. परीक्षकांनीं सर्वांसमक्ष भाषण न करतां दोन ओळी लिहून मुलाच्या हातीं द्यावयाच्या. शिपायांकडून लहान घंटाही मागून ठेविली आहे. ती ऐकून वर्ग सुटला असें समजून कोणीं घरीं जाऊं नये. वर ज्याची हकीकत सांगितली त्या मुलास आम्हीं विचारलें. तबल्यावर ठेका धरण्याचें त्यानें कबूल केलें आहे. गाण्याविषयीं तो अजून कांहीं बोलला नाहीं.